मोहाचे दिवस अन् न वाढलेलं वजन

मार्च महिन्यात आमच्याकडे दुपारपर्यंत गावात माणूस सापडत नाही. गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याकडच्या जंगलपट्टीत माझं उपकेंद्र आहे, मी तिथे सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, बीएएमएस झाली अन् मग या पोस्टवर लागली, लोक कोणी मॅडम म्हणतात, कोणी डॉक्टरीनबाई. पहाटे अंधारातच सगळे टोपल्या घेऊन मोह वेचायला निघतात, घरी राहतात फक्त म्हातारी माणसं, लेकरं अन् बाळंतिणी. म्हणून गृहभेटी करायला हेच दिवस बरे पडतात, एरवी घरात दहा जण असतात अन् बाळंतिणीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बाकीचे नऊ जण देतात.

त्या दिवशी आशाताईसोबत एका पोरीकडे गेली, पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. एकविसाव्या दिवसाची भेट होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दवाखान्यात डिलिव्हरी झाली की आशा घरी येते ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या अन् बेचाळिसाव्या दिवशी, बाळाचं वजन, ताप, श्वास, दूध पिणं सगळं बघते. अन् ही पद्धत आमच्याच जिल्ह्यातली बरं का, डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने इथल्या खेड्यांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवून हे करून दाखवलं, 1999 मध्ये त्याचा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, मग पुढे देशभर आशांच्या कामात गेलं. आशाताईने मला मुद्दाम नेलं होतं, काऊन की चौदाव्या दिवसाचं वजन 2 किलो 600 होतं अन् तिला ते काही पटून नव्हतं राहिलं.

झोळी काट्याला अडकवली, लेकरू आत टाकलं, काटा थांबला 2 किलो 650 वर. आठवड्यात 50 ग्रॅम. या वयात लेकरू रोज 20 ते 30 ग्रॅमने वाढायला पाहिजे, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशे तरी. आशाताई माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. ताप नव्हता, श्वास बरोबर, छाती आत जात नव्हती, नाळ सुकून पडलेली, जागा स्वच्छ, लेकरू हातपाय हलवून राहिलं होतं. लघवी विचारली तर म्हणे दिवसा होते चांगली, रात्री कमी.

मग पाजायला लावलं. पकड थोडी चुकत होती, नुसतं बोंड तोंडात घेत होतं, ते नीट करून दिलं, हनुवटी टेकवून, तोंड मोठं उघडवून, तर मस्त घटाघटा प्यायलं, गिळल्याचा आवाज येत होता. म्हणजे दूध आहे, ओढायची ताकद आहे. मग अडचण कुठे? मी विचारलं दिवसाचं सांग, रात्रीचं सांग, वेगवेगळं. तर पोरगी म्हणाली, "दिवसा पेते जी मॅडम, रातीच नाई पेत. लावलं का दोन-चार ओढ घेते अन् सोडते, चिरचिर करते, निजते, पुन्ना उठते." अन् तुझी छाती कशी असते रात्री? "भरून असते, दुखते."

हे माझ्या डोक्यात अडकलं. छाती भरलेली, लेकरू भुकेलं, अन् दूध उतरत नाही, ते पण फक्त रात्री.

मला दारूचा संशय आला, पण वासावरून काही कळायचा प्रश्नच नव्हता. अंगणभर मोह वाळत टाकलेला, पिवळट फुलं अर्धी सुकून लालसर झालेली, सगळ्या गावालाच तो गोड आंबूस वास, कपड्यांना पण येतो घरी गेल्यावर. तिथे कोणाच्या तोंडाचा वास काय ओळखणार. अन् सरळ "दारू पिते का" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी, समोर सरकारी बाई बसलेली, हातात फॉर्म, कोण हो म्हणेल? म्हणून मी जेवणाचं विचारायला लागली, सकाळी काय खाते, दुपारी काय, संध्याकाळी आंग दुखते तर त्याच्यावर काय घेते, झोपायच्या आधी काय देतात. पोरीने आजीकडे पाहिलं. आजी दाराजवळ बसून टोपली विणत होती, ती एकदम बोलली, "पोलिसाले सांगता का जी?"

म्हटलं आजी, मला लेकराचं वजन वाढवायचं आहे, पोलिसांचं माझ्याकडे काय काम.

तेव्हा तिने शिक्यातून एक छोटा स्टीलचा गिलास काढून दाखवला, बोट ठेवून सांगितलं इथपर्यंत देतो, म्हणजे अंदाजे शंभर एमएल तरी, रोज दिवे लागणीच्या वेळी, जेवणाआधी. मोहाची दारू, पहिल्या धारेची, म्हणजे गाळताना सगळ्यात आधी निघते ती. आंग मोकळं होते, झोप लागते, अन् मुख्य म्हणजे दूध येते. "मी माह्या साऱ्या बाळंतपणात घेतली जी, सात लेकरं झाली. अन् हिची छाती पाहा ना, पेली का तटतट भरते."

खरं सांगते, आजीचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. छाती भरतेच. फक्त कारण उलटं आहे. दूध बनायचं काम प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनचं, अन् बनलेलं दूध बाहेर सोडायचं काम ऑक्सिटोसिन या दुसऱ्या हार्मोनचं. दारू घेतल्यावर ऑक्सिटोसिन कमी होते अन् प्रोलॅक्टिन उलट वाढते, हे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमध्ये ज्युली मेनेला यांच्या टीमने आयांचं रक्त तपासून 2005 मध्ये दाखवलं. म्हणजे आतमध्ये साचते अन् दार उघडत नाही, आईला वाटते दूध वाढलं. याच बाईंच्या आधीच्या प्रयोगांत दिसलं होतं की आईने दारू घेतल्यावर पुढच्या चार तासांत लेकरं साधारण 20 टक्के कमी दूध पितात अन् झोपही तुटक होते. तिकडे पण लोकांची समजूत तीच होती बरं का, बियर प्यायली की दूध वाढते. कुठे फिलाडेल्फिया अन् कुठे आमचा टोला-पाडा, म्हाताऱ्या सगळ्या एकच सांगतात.

आजीला मी हार्मोन-बिर्मोन सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, आजी, छाती भरते पण लेकराच्या पोटात जात नाही, आताच पाहिलं ना काट्यावर? वजनावर ती चूप झाली. मग तिने जो प्रश्न विचारला तो मला आवडला, "त दुधात उतरते का ते?" उतरते. जेवढी रक्तात तेवढीच दुधात, प्यायल्यावर अर्ध्या ते एका तासात सगळ्यात जास्त, जेवणासोबत घेतली तर थोडी उशिरा. अन् रक्तातून जसजशी कमी होते तसतशी दुधातूनही जाते. लेकराच्या पोटात पोचते ती मात्रा तशी थोडी असते, पण तीन आठवड्यांच्या जिवाचं लिव्हर अजून कच्चं असते, मोठ्या माणसासारखं ते झटपट उरकत नाही.

पोरगी हळूच म्हणाली, मग पिल्यावरचं दूध पिळून टाकून दिलं त चालते का? हा प्रश्न मला नागपूरच्या माझ्या क्लासमेटनेही केला होता, तिच्या नणदेच्या लग्नात, फक्त तिच्याकडे ब्रेस्ट पंप होता एवढाच फरक. नाही चालत. पिळून टाकल्याने दारू लवकर जात नाही, रक्तात आहे तोवर नवीन येणाऱ्या दुधात ती येतच राहते. छाती दुखते म्हणून पिळायची तर पिळा, पण घड्याळ त्याने पुढे सरकत नाही. एका ड्रिंकला दोन-तीन तास, दोनला चार-पाच, तीनला सहा-आठ, असा हिशोब असतो. अन् हे ड्रिंक म्हणजे अमेरिकेच्या मापाने 14 ग्रॅम अल्कोहोल, तिकडची 355 एमएलची साधी बियर. आपल्याकडची 650 ची स्ट्राँग बाटली 8 टक्क्यांची असली तर ती एकटीच तीन ड्रिंक होते, हे त्या क्लासमेटला सांगितलं तर ती म्हणे अगं मी तर एकच बियर समजत होती. तिला मी सांगितलं होतं ते असं, न घेणं सगळ्यात उत्तम, घ्यायचीच तर एकावर थांब, आधी लेकराला पोटभर पाज, मग घे, मग कमीत कमी दोन तास थांब, अन् त्या रात्री लेकरू शुद्धीत असलेल्या माणसाकडे दे.

पण हा हिशोब मोहाच्या गिलासाला लावायचा कसा? बाटलीवर टक्का लिहिलेला असतो, धारेवर कोण लिहून ठेवते. पहिली धार किती कडक निघाली ते काढणाऱ्यालाही माहीत नसते. शंभर एमएल पहिल्या धारेची म्हणजे एक ड्रिंक नक्कीच नाही, जास्तच. तीन आठवड्यांचं लेकरू दर दोन-तीन तासाला मागते, ते कुठे सहा तास थांबणार. आधी काढून ठेवा म्हणावं तर काढलेलं दूध बाहेर चार तास टिकते ते 25 अंशांपर्यंत, आमच्याकडे मार्चमध्येच पारा चाळिशीकडे निघतो अन् त्या घरात फ्रिज नाही. म्हणून नागपूरवालीला दिलेला सल्ला इथे कामाचा नव्हता, इथे सरळ बंदच करा म्हणावं लागलं.

अन् हे सगळं बोलून झाल्यावर मी विचारलं, रात्री लेकरू कुठे निजते? पोरीने बाजेवर हात ठेवला, तिच्या अन् भिंतीच्या मधे. नायलॉनच्या पट्टीची ती बाज मधोमध खोल गेलेली, दोन जण झोपले की दोघंही मधल्या खोलगटात घरंगळणार. वर जाड गोधडी. मला वजनापेक्षा हे पाहून जास्त घाम फुटला. दारू घेऊन गाढ झोपलेली आई, तिच्या आंगाखाली तीन किलोचंही नसलेलं लेकरू आलं तर तिला कळणार पण नाही. दुधातल्या दारूची चर्चा आपण खूप करतो, पण दारू घेऊन लेकराजवळ निजणं, हा धोका मला त्याहून मोठा वाटते, अन् हे कोणी विचारत नाही. आजीला म्हटलं, बाकी माझं काही ऐकू नका, हे एक ऐका. आजी उठली अन् बाजेजवळच आड्याला दोर बांधून झोळी करायला लागली. तिला थांबवलं, झोळीत मान वाकडी होते, खाली सपाट चटई, त्यावर दुपदरी लुगडं, लेकरू पाठीवर, तोंडाजवळ गोधडी नाही.

आंगदुखीचं मात्र खरं होतं, ते उडवून लावलं असतं तर गिलास परत निघाला असता. टाके पाहिले, बरे होते. पॅरासिटामॉल दिली, पाजताना चालते ती, अन् शेक चालू ठेवा म्हटलं. पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, मेडिकल ऑफिसरांना फोन लावला, ते म्हणाले तीन दिवसांनी परत वजन करा, नाही वाढलं तर घेऊन या.

ही गोष्ट गावात फिरायला संध्याकाळ पण लागली नाही, अन् फिरवली कोणी तर आजीनेच, हातपंपावर, सगळ्यांसमोर, "डॉक्टरीनबाई म्हनते दारू दुधात उतरते जी!" साडेसातला मला फोन, गावातल्या गुरुजींच्या बायकोचा, रडकुंडीला आलेली. तिचं लेकरू दोन महिन्यांचं, ती घेत होती दशमूलारिष्ट हे आयुर्वेदिक औषध, अन् बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं अल्कोहोल तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. बाटली मोरीत ओतली, दूध पिळून टाकलं अन् लेकराला वाटीने गाईचं दूध पाजायला बसली होती.

आधी म्हटलं ती वाटी खाली ठेव अन् लेकराला छातीला लाव. मग समजावलं. आसव-अरिष्टात अल्कोहोल बाहेरून टाकत नाहीत, काढ्यात गूळ अन् धायटीची फुलं टाकून आंबवतात, त्यात ते आपोआप तयार होते, म्हणून सेल्फ जनरेटेड लिहिलेलं असते. ती धायटी आमच्याच जंगलात फुलते, ते असो. तू घेत होतीस 15 एमएल, पाणी घालून, जेवणानंतर. दहा टक्के जरी धरलं तरी दीड एमएल, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर. एका ड्रिंकचा अकरावा-बारावा हिस्सा. याच्यासाठी दूध टाकायची काही गरज नव्हती, फक्त टॉनिक आहे म्हणून वाटीभर पिऊ नको अन् स्वतःच्या मनाने महिनोन्महिने ओढू नको. ती म्हणे मॅडम पण बाटली तर ओतली, एकशे ऐंशी रुपयांची होती. त्याच्यावर माझ्याकडे उपाय नव्हता.

तिकडे तीन दिवसांनी आशाताईने वजन केलं तर 80 ग्रॅम वाढलं होतं, अठ्ठाविसाव्या दिवशी 2 किलो 860. हे दारू बंद केल्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार, पकड सुधारली, रात्री पोरीला जाग यायला लागली, सगळ्याचा थोडा थोडा वाटा असेल. आजी अजूनही म्हणते का तिच्या सात लेकरांना काही झालं नाही. वाद घालत नाही मी, फक्त लेकरू खाली निजते ना, ते बघून येते.

तालुक्याच्या मीटिंगला हा विषय काढला, की फॉर्ममध्ये याचा रकानाच नाही. साहेब म्हणाले रकाना आपल्या हातात नाही, तोंडी विचारत जा. तेव्हापासून आमच्या आशाताया "संध्याकाळी आंगदुखीसाठी काय घेता" हे विचारतात, अन् लगेच दुसरं, "रात्री लेकरू कोणाजवळ निजते". दारू हा शब्द त्या काढतच नाहीत, तरी उत्तरं येतात.