एक काकी, तीन नोंदी

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारात शिरली. पाणी ओसरल्यावर मी औषधवाटपाच्या टेबलावर. लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती, म्हणून डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक गोळी. कुणाला गोळी दिली याच्या नोंदीसाठी आमच्याकडे वही, शेजारच्या पथकाकडे एक्सेल, तिसऱ्यांकडे गुगल फॉर्म. रात्री याद्या जुळवायला बसलो तर एकच काकी तिन्हीकडे: एकदा सासरच्या आडनावाने, एकदा माहेरच्या, एकदा नुसतंच ‘काकी’. वयं ५८, ६० आणि ६५! आधार कार्ड पुरात गेलेलं, मोबाइल भिजलेला. शेवटी वाडी, घरातल्या कर्त्याचं नाव आणि अंदाजे वय असा जोड ओळखीसाठी धरला. नुसती बेरीज वर पाठवली असती तर कागदावर तीन माणसं झाली असती. दुसऱ्या दिवशी काकींना विचारलं. म्हणाल्या, “तिघांनी विचारलं, तिघांना सांगितलं. गोळी मात्र एकदाच घेतली हो!”