बीमिशच्या कोऑपमधला लाकडी चेंडू

कोऑपच्या, म्हणजे सहकारी सोसायटीच्या, दुकानात लांब झगा घातलेल्या बाईंनी चिठ्ठी एका पोकळ लाकडी चेंडूत कोंबली. चेंडू वर चढवला, आणि तो छताखालच्या रुळांवरून गडगडत रोखपालाकडे निघून गेला. माझ्या शेजारचा सहा-सात वर्षांचा पोरगा आणि मी, दोघंही आ वासून बघत राहिलो.

हे डरहॅम परगण्यातलं बीमिश. ईशान्य इंग्लंडातल्या खाणी बंद पडत होत्या, जुन्या वस्त्या पाडल्या जात होत्या, तेव्हा संग्रहालयतज्ज्ञ फ्रँक अ‍ॅटकिन्सन लोक जे देतील ते गोळा करत सुटले. त्यातून हे खुलं संग्रहालय उभं राहिलं. इथलं बाजाराचं गाव १९१३ सालचं, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षाचं आहे. तसं ते गोधडीसारखं जोडलेलं आहे. कोऑपचं दुकान अ‍ॅनफिल्ड प्लेनहून सुटं करून आणलेलं, सन इन हा पब बिशप ऑकलंडचा, घरांची रांग आणि बागेतला बँडस्टँड गेट्सहेडचा. पण ट्राम घंटा वाजवत शेजारून गेली की टाके दिसेनासे होतात.

पुन्हा चेंडूकडे येतो, कारण माझ्या मते अख्खं गाव त्यात आहे. कोऑप ही ग्राहकांच्याच मालकीची सोसायटी. जितकी खरेदी, तितका लाभांश. तिकडे त्याला ‘डिव्ही’ म्हणत. प्रत्येक खरेदी सभासदाच्या नावावर चढायला हवी, म्हणून पैसे आणि चिठ्ठी एकाच रोखपालाकडे जायची आणि मोड त्याच वाटेने परत यायची. चेंडू वेगवेगळ्या आकारांचे, म्हणजे ज्याचा तो बरोबर आपल्याच काउंटरवर उतरतो. वाण्याकडे उधारीची वही असलेल्या घरातून आलेल्या मला हा हिशेब फारच आवडला. पैशांची रीत मात्र आपल्या आजोबांनाच कळली असती: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. आणे-पैचे भाऊबंदच. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग पेन्शन मिळू लागलं होतं. हा आकडा डोक्यात ठेवून दुकानातल्या किमती वाचा.

रेव्हन्सवर्थ टेरेस या घरांच्या रांगेत एक संगीतशिक्षिकेचं घर आहे. त्या काळात कर भरणारी अविवाहित किंवा विधवा बाई नगरपालिकेला मत देऊ शकत असे, १९०७ पासून निवडूनही येऊ शकत असे. पार्लमेंटला मात्र मत नाही, ते १९१८ साली आणि तेही ठरावीक बायकांनाच. तिच्या पियानोपाशी उभं राहिल्यावर ही विसंगती जास्तच खुपते. शेजारीच दंतवैद्य. खुर्ची बघा आणि पुढे व्हा. वर्तमानपत्राच्या कचेरीच्या माडीवरचा छापखाना मात्र चुकवू नका. सभेची पत्रकं, लिलावाच्या जाहिराती असलं सगळं अशाच छापखान्यांतून बाहेर पडायचं.

आता कामाचं. न्यूकॅसलहून थेट बस आहे, साधारण तासभर धरा. परतीची वेळ उतरतानाच बघून ठेवा. तिकीट महाग वाटेल, पण एकदा काढलं की वर्षभर चालतं, तेव्हा जवळपास राहणाऱ्यांनी एका दिवसात सगळं उरकायचा अट्टहास करू नये. आवार प्रचंड आहे. आत शिरल्यावर मी दिसेल तिथे थांबत गेलो आणि गावात पोचेपर्यंत शाळांच्या सहली येऊन धडकल्या. तुम्ही पहिली ट्राम धरून थेट गावातच उतरा, आवारातली खाण आणि खाणवस्ती नंतर बघा.

खाण्याबद्दल एक इशारा. खाणवस्तीतल्या दुकानात कोळशाच्या भट्टीवर फिश अँड चिप्स तळतात, वासानेच पाय तिकडे वळतात. पण तळण गाईच्या चरबीतलं असतं. ‘नुसते बटाटेच तर आहेत’ म्हणून शाकाहारी मंडळींनी रांगेत उभं राहू नये. आम्ही अर्धा तास उभे होतो, मग बायकोने पाटी वाचली. शेवटी बँडस्टँडशेजारच्या बाकावर बसून डब्यातले थालीपीठ खाल्ले. थंडगार झाले होते, आणि वारा असा की फॉइल दोनदा उडाला. जुलै असला तरी स्वेटर घ्या.