अंगठा बसला, आता गोंगाट

माझ्या तिसऱ्या गाण्याची गिटार पक्की झाली. ढंग बोसा नोव्हाचा, म्हणजे ब्राझीलच्या सांबातून आलेली हळुवार शैली. टेम्पो मिनिटाला ६८ ठोके. अंगठा प्रत्येक ठोक्यावर खर्ज धरतो, सांबातल्या सुर्दो या मोठ्या ढोलासारखा. उरलेली बोटं तांबोरिम या छोट्या डफाचा ठेका वाजवतात. ब्राझीलच्या जोआओ जिल्बेर्तो या गायक-गिटारवादकाने १९५८ मध्ये हे सगळं एका गिटारवर आणलं. तबला ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला मात्र समेवर अडखळायला होतं, कारण पुढच्या मात्रेचा कॉर्ड आधीच येऊन बसतो आणि सम एकट्या अंगठ्याकडे राहते. मेट्रोनोम फक्त दुसऱ्या ठोक्यावर वाजू दिला, तेव्हा हात सैल झाला. सांबाचं वजन तिथंच असतं.

नमुना म्हणून समोर आहे आर्टो लिंडसेचा ‘ओ कॉर्पो सुतिल’ हा अल्बम, नव्वदीच्या मध्याचा. हा माणूस ब्राझीलमध्ये वाढलेला अमेरिकन. सत्तरीच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये ‘डीएनए’ बँडमध्ये बारा तारांची गिटार सुरात न लावता खरवडायचा. १९८९ मध्ये पीटर शेररसोबत ब्राझिलियन गायक कायतानो वेलोझोचा ‘एस्त्रान्जेइरो’ हा अल्बम निर्माण केला. मग स्वतःच्या नावावर हा अल्बम आला तो इतका हळू, की पहिल्यांदा ऐकताना मी आवाज वाढवला! साथीला जपानी संगीतकार साकामोतो, अमेरिकन गिटारवादक बिल फ्रिझेल, ब्राझिलियन गायक-गिटारवादक विनिसियुस कांतुआरिया असे नामवंत. पण कोणी ‘मी आहे’ असं सांगत नाही. माझ्या मते त्यातला प्रयोग गोंगाटात नाहीच, तो गोंगाट किती लहान करून कुठे ठेवलाय यात आहे.

तेच करून बघतोय. जुन्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा सैल सोडून खरवडल्या, खालची खर्जाची बाजू कापली आणि तुकडे फक्त ओळींच्या मधल्या श्वासात टाकले. गाण्याखाली सलग पसरले की मूळची नायलॉनच्या तारांची गिटार मरते.

गाणं मराठीत आहे आणि खरी कसरत गळ्याची. भावगीताच्या सवयीने ओळीच्या शेवटी हरकत आपोआप येते. इथे ती चालत नाही. स्वर सरळ, कंप नाही, माइक तोंडाशी, बोलल्यासारखं. पंखा बंद करून घाम गाळत गातोय. दुसरं कडवं अजून जड वाटतंय, बहुधा जोडाक्षरांमुळे, शब्द बदलणार.

आता काडेपेटीचा ठेका. आणि एक विचारायचं होतं: पावसाळ्यात नायलॉनच्या तारा सारख्या उतरतात, कार्बनच्या तारा कोणी लावून पाहिल्यात का? खर्ज जास्त टणक होतो का?