आमची हिरा आता ॲजिलिटीत

आज पहाटे ऊन चढायच्या आत होम मैदानावर हिराला वीव्ह पोल, म्हणजे ज्यांच्यामधून नागमोडी पळायचं ते ओळीतले खांब, दाखवले. आमची हिरा कारवान हाउंड जातीची कुत्री. डॉग शोच्या रिंगणात ताठ उभं राहायचं, परीक्षकांना दात बघू द्यायचे, माझ्या डाव्या बाजूनं डौलात पळायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. ॲजिलिटीत, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीत, मात्र माझ्या दोन्ही बाजूंनी पळायचं आणि पहिला खांब डाव्या खांद्याशी ठेवूनच आत शिरायचं. (१९७८ साली इंग्लंडमधल्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये घोड्यांच्या उड्यांवरून सुचलेला हा खेळ!) सुरुवातीला ती थबकून शोसारखीच उभी राहिली. मग बोगद्यातून अशी सुसाट सुटली की मी आनंदानं ओरडलोच! काय वेग आहे पोरीला! उड्यांची उंची मात्र मी घाईनं वाढवणार नाही, तिचे सांधे जपायचेत. उद्या बोगद्याला वळण द्यायचंय.