१४ मार्च, म्हणजे माझा आणि आइनस्टाइनचा

माझा वाढदिवस १४ मार्च. त्यामुळे दर वर्षी कोणीतरी एक तो फॉरवर्ड पाठवतंच, की बघ, आजच आइनस्टाइन जन्मला, आजच तो शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग गेला, आजच पाय डे, काय योगायोग ना! शेवटी डोकं फुटल्याचे दोन-तीन इमोजी. आधी मी थँक्यू म्हणून सोडून द्यायचे, यंदा मात्र जरा शोधाशोध केली आणि आता माझं म्हणणं असंय की या तारखेतला सगळ्यात फुसका योगायोग तोच आहे, खरा माल वेगळाच आहे.

पायचंच घ्या, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास. तो साधारण ३.१४ म्हणून १४ मार्च, पण कधी, तर महिना आधी लिहिलात तर. अमेरिकेत तसं लिहितात म्हणून १९८८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या सायन्स म्युझियममधल्या लॅरी शॉ यांनी हा दिवस सुरू केला. आपण लिहितो १४/३, त्यात पाय कुठाय? आपल्या हिशोबाने २२/७ म्हणजे २२ जुलै व्हायला हवा, आणि गंमत म्हणजे २२ भागिले ७ हे ३.१४ पेक्षा पायच्या जास्त जवळ जातं. पण २०१९ मध्ये युनेस्कोने १४ मार्चच आंतरराष्ट्रीय गणित दिवस म्हणून ठरवून टाकला, आता काय बोलणार.

हॉकिंगचं तर अजून भारी. जन्म ८ जानेवारी १९४२, गॅलिलिओ जाऊन बरोब्बर ३०० वर्षं, आणि मृत्यू २०१८ ला आइनस्टाइनच्या वाढदिवशी. पण हॉकिंग स्वतः हे गॅलिलिओचं सांगून झालं की लगेच म्हणायचे, त्या दिवशी अजून दोनेक लाख पोरं जन्मली असतील. संपला विषय! आणि गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला म्हणतात ना, तेही तपासून बघा. गॅलिलिओची तारीख इटलीतल्या नव्या ग्रेगोरियन कॅलेंडरची, न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ ही इंग्लंडमधल्या जुन्या ज्युलियनची, जे तेव्हा १० दिवस मागे होतं. नव्याने मोजलं तर न्यूटन ४ जानेवारी १६४३ चा, आणि जुन्याने मोजलं तर गॅलिलिओ डिसेंबर १६४१ लाच गेलेला. दोन कॅलेंडरांची मिसळ केल्याशिवाय तो योगायोग जुळतच नाही.

मला मजा येते ती वेगळ्या गोष्टीत. तारीख तीच ठेवायची, फक्त वर्ष मागेपुढे सरकवायचं आणि बाकीची मंडळी तेव्हा काय करत होती ते बघायचं.

१४ मार्च १८८३. लंडन, दुपारचे पावणेतीन. कार्ल मार्क्सचा जवळचा मित्र एंगल्स रोजच्यासारखा त्याला भेटायला आलाय, घरकाम बघणारी बाई खाली येऊन सांगते की जरा डोळा लागलाय, या वर. दोघं वर जातात तर मार्क्स खुर्चीत तसाच, गेलेला. तीन दिवसांनी हायगेटच्या दफनभूमीत पुरला तेव्हा डझनभर माणसंसुद्धा नव्हती. आणि ज्या दुपारी तो गेला त्याच दिवशी तिकडे म्युनिकमध्ये एक पोरगं चार वर्षांचं झालं होतं. चार-पाच वर्षांचा असतानाच त्याला वडिलांनी होकायंत्र दाखवलं आणि ती सुई कोण फिरवतंय या प्रश्नाने तो पछाडला, हे त्याने नंतर स्वतःच लिहिलंय. त्याचा या मृत्यूशी काही संबंध नाही हे मलाही कळतं, पण ती खुर्ची आणि हा चार वर्षांचा मुलगा एका फ्रेममध्ये आले की कसंतरीच होतं.

आता १९५१. आइनस्टाइन ७२ वर्षांचा, प्रिन्स्टनमधला वाढदिवस आटपून गाडीत बसलाय, फोटोग्राफर काही सोडेनात, एकाने अजून एकदा हसा म्हटल्यावर याने जीभ बाहेर काढली. मूळ फोटोत त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली आहेत, पण फोटो त्याला स्वतःलाच इतका आवडला की बाजूची माणसं कापून नुसता चेहरा ठेवला आणि त्याच्या कॉप्या मित्रांना पाठवल्या. म्हणजे स्वतःचं स्टिकर बनवून पाठवणारा पहिला माणूस हाच!

मध्ये १९३१ राहिलं. मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला, भारतातला पहिला बोलपट, दिग्दर्शक अर्देशीर इराणी. हिरो आपले मास्टर विठ्ठल, मूकपटातले स्टार. आवाजाच्या भानगडीमुळे शूटिंग बरंचसं रात्री, कारण स्टुडिओजवळून रेल्वे जायची. आणि ज्या सिनेमाने पडद्याला आवाज दिला त्याची आज एकही प्रिंट शिल्लक नाही, फोटो आहेत, पोस्टर आहेत, आवाज तेवढा गेला.

इंग्लिश अभिनेता मायकल केन आणि अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्स दोघंही १४ मार्च १९३३ चे, बास्केटबॉलवाला स्टीफन करी १९८८ चा, म्हणजे पहिला पाय डे होता नेमका त्याच दिवशीचा आणि करतो काय तर थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट. असं शोधत बसलं तर रात्र पुरायची नाही.

पण माझा खरा १४ मार्च २००१ चा. ईडन गार्डन्स, चौथा दिवस. सलग १६ टेस्ट जिंकून आलेली ऑस्ट्रेलिया, आपण फॉलोऑनमध्ये, सकाळी ४ बाद २५४, लक्ष्मण १०९ आणि द्रविड ७ वर. मी वाढदिवस आहे म्हणून टीव्हीचा ताबा मागून घेतला होता, आता गेले, आता गेले करत बसलेले. जेवण झालं, चहा झाला, दिवस संपला, विकेट नाही! ४ बाद ५८९. लक्ष्मण २७५, द्रविड १५५, दोघंही नाबाद. स्टीव्ह वॉने त्या डावात नऊ जणांना बॉल दिला, म्हणजे तो स्वतः आणि कीपर गिलख्रिस्ट सोडून सगळ्यांना, लँगरलासुद्धा. मला त्या दिवशी कोणी काय गिफ्ट दिलं ते आठवत नाही, लँगर बोलिंग करताना आठवतो.

आणि २००३. सुरेश भट गेले ते १४ मार्चलाच. पुढे २०१० ला विंदा करंदीकर, तेही १४ मार्चलाच. (विंदांना मिळालेलं ज्ञानपीठ २००३ सालचं होतं. बघा, मीही फॉरवर्डवाल्यांसारखीच करायला लागले.) २०१० ला एका मैत्रिणीचा फोन आला, मी उचलला आणि सवयीने आधीच थँक्यू थँक्यू म्हटलं, तर पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, अगं, विंदा गेले, टीव्ही लाव. हॅपी बर्थडे म्हणायचं राहूनच गेलं, दोघींच्याही लक्षात आलं नाही.