आधी आकडा, मग कॉलेज

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही शांघायला आलो आणि लेकीची बारावी इथल्या आंतरराष्ट्रीय शाळेत झाली. तिला अमेरिकेतच शिकायचं होतं. कॉलेजांची नावं काढायच्या आधी आम्ही वहीत एक आकडा लिहिला: वर्षाला २५ हजार डॉलर. त्यापुढे जायचं नाही. खासगी कॉलेजांचा राहण्याजेवणासकट खर्च हल्ली ८०-९० हजारांच्या घरात गेलाय, म्हणजे उरलेले कॉलेजनेच सोडायला हवे होते.

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचा मुलगा त्याच वर्षी अर्ज करत होता. त्यांचं गणित बरोब्बर उलटं. यू. एस. न्यूज या अमेरिकन मासिकाची कॉलेजांची क्रमवारी पुढ्यात घ्यायची, पहिल्या तीसच्या खाली उतरायचं नाही, पैशाचं नंतर बघू. अर्जाचं सगळं काम एजंटाकडे, त्याची फी लाख युआनच्या वर. बाहेरून बघणाऱ्याला हा मिरवायचा सोस वाटेल. तसं नव्हतं. कुटुंब मूळचं आन्हुई प्रांतातलं. शांघायमध्ये राहून वर्षं झाली, पण हुकौ, म्हणजे रहिवासाची सरकारी नोंद, अजून गावाकडचीच. अशा मुलांना गावकाओ ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा बहुतेक वेळा मूळ प्रांतात जाऊन द्यावी लागते, आणि तिथली चुरस शांघायपेक्षा जीवघेणी. उलट जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नास-शंभरात असलेल्या परदेशी विद्यापीठाची पदवी घेऊन आलं आणि इथे नोकरी धरली, की शांघायचं हुकौ मिळणं बरंच सोपं होतं. त्या क्रमवाऱ्या मोठ्या विद्यापीठांच्या. अ‍ॅमहर्स्ट, बोडनसारखी छोटी कॉलेजं शिकवायला कितीही उत्तम असली तरी त्यांत येतच नाहीत. मी बोडनचं नाव काढलं तेव्हा बाई हसल्या. म्हणाल्या, "पोरगा शिकेल छान. पण परत येऊन राहील कुठे?"

आम्हाला हुकौची काळजी नव्हती, म्हणून आम्ही त्याच छोट्या कॉलेजांकडे वळलो. परदेशी मुलाला पैशांची मदत लागते का, हे न बघता प्रवेश देणारी कॉलेजं मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अशीच आणखी थोडी. तिथे आत शिरणंच लॉटरी. बाकीच्या ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते, हे गृहीत धरूनच चालायचं. पण किती मदत मिळू शकते याचा अंदाज बांधता येतो. बरीच कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाची फाइल काढतात. तिच्यात एच-६ हा रकाना असतो: किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत दिली आणि सरासरी किती. वेबसाइटवरची हसरी पोरं बघण्यापेक्षा तो रकाना बघावा. सरासरी ५० हजारांच्या खाली दिसली की आम्ही नाव खोडायचो. लेकीची दोन आवडती कॉलेजं अशीच गेली. दोन दिवस घरात अबोला होता.

मग सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदत मागताना घरची सांपत्तिक स्थिती कळवायचा फॉर्म. पगार, बचत, घर, गुंतवणूक, सगळं उघडं करायचं. आमचं घोडं अडलं ते साताऱ्याजवळच्या जमिनीवर. सातबाऱ्यावर माझ्या नवऱ्यासकट चार भावांची नावं, वाटणी झालेली नाही, आणि फॉर्म विचारतो, तुमच्या मालमत्तेची किंमत किती? शेवटी उतारा इंग्रजीत करून घेतला आणि सोबत पत्र जोडलं: ही जमीन सामाईक आहे, बाकीच्यांच्या सह्यांशिवाय विकता येत नाही, उत्पन्न म्हणाल तर वर्षाला ज्वारीची पोती. एका कॉलेजने तरीही ती आमच्या नावे धरून मदत कापली. दुसऱ्याने उलट ईमेल करून नीट विचारपूस केली. लेक आता तिथेच आहे, ओहायोत. वर्षाला आम्ही भरायचे ते २४ हजार.

सॅटचं, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचं, आमचं सोपं झालं. चीनच्या मुख्य भूमीवर ही परीक्षा काही आंतरराष्ट्रीय शाळांत, परदेशी पासपोर्टवाल्यांसाठीच होते. समोरचा मुलगा त्यासाठी हाँगकाँगला जाऊन आला, विमान आणि हॉटेलसकट.

त्याला डिसेंबरात अर्ली डिसिजनमधून, म्हणजे मिळाला तर तिथेच जायचं अशा बोलीवर आधी केलेल्या अर्जातून, प्रवेश मिळाला. मदत मागितलेलीच नव्हती. दुसरा फ्लॅट विकला होता, तोही भाव पडलेले असताना. चिनी नागरिकाला वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत युआन देऊन विकत घ्यायची मुभा असते. नवरा-बायकोने डिसेंबरात आपापला कोटा संपवला आणि १ जानेवारीला नवा लागू झाल्यावर पुन्हा घेतले. फीचे कागद दाखवले तर कोट्यापलीकडेही मिळतात, पण बँकेत खेटे घालण्यापेक्षा हे बरं. परदेशी माणसाला तो कोटाच नाही. आमचे युआन डॉलरमध्ये करायला नवऱ्याचा नोकरीचा करार आणि कर भरल्याचे दाखले लागले. शिवाय कॉलेजकडून आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद, मिळवायला खात्यात पैसे असल्याचा बँकेचा दाखला लागतो, आणि तो दिला की दाखल्यावरच्या मुदतीपर्यंत बँक तेवढी रक्कम गोठवते. घरभाड्याचे पैसे त्यात अडकणार नाहीत हे आधी बघा.

व्हिसाची मुलाखत नानजिंग वेस्ट रोडवरच्या एका मॉलच्या आठव्या मजल्यावर. सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकन सरकारी नोंदणीचे, ३५० आणि व्हिसाचे १८५ डॉलर आधीच भरलेले. "खर्च कोण करणार?" एवढंच विचारलं. लेकीने कॉलेजचं मदतीचं पत्र काचेखालून सरकवलं, आणि झालं.

मदतीचे कागद दरवर्षी नव्याने द्यायचे आहेत. धाकट्या दिरांचा परवाच फोन होता, यंदा वाटणी करून टाकू म्हणून. मी म्हटलं, भाऊजी, चार वर्षं दम धरा.