नवशिक्या बडीबरोबर जानेवारीतलं बोनेअर

नवऱ्याने सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या एका पाणी भरलेल्या दगडखाणीत स्कूबा डाइव्हिंगचं पहिलं, 'ओपन वॉटर'चं कार्ड मिळवलं. हिरवं, गारठलेलं पाणी, हात लांब केला तर स्वतःचा पंजा धूसर, अंगात सात मिलिमीटरचा सूट आणि डोक्यावर रबरी टोपी. वर आल्यावर म्हणाला, "यात मजा नक्की कुठे आहे?" मी स्वतः तारकर्लीला शिकले, त्यामुळे गढूळ पाण्याबद्दल मला बोलायला तोंड नव्हतं. पण हिवाळ्यात याला निळं पाणी दाखवायचं, हे तिथेच ठरलं.

न्यू जर्सीहून जाणाऱ्यांच्या डोक्यात पहिलं नाव मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाचं येतं. स्वस्त आहे, आणि तिथल्या सागरी उद्यानात गाइडशिवाय उतरताच येत नाही, ही नवशिक्यासाठी खरं तर चांगलीच गोष्ट. पण तिथे डाइव्ह म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणं, बाजूला खोल तुटलेली भिंत, आणि बोटीवर आठ-दहा अनोळखी माणसं. त्यात हिवाळ्यात उत्तरेकडून 'नोर्ते' वारे सुटले की लहान बोटींना बंदर बंद होतं. सात दिवसांच्या सुट्टीतले दोन दिवस खोलीत बसून पावभाजीच्या आठवणी काढायची माझी तयारी नव्हती.

बोनेअर व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर, नेदरलँड्सच्या अखत्यारीतलं बेट. चलन मात्र २०११पासून अमेरिकन डॉलर. वारा वर्षभर पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्व किनारा खवळलेला आणि पश्चिम किनारा बहुतेक दिवस तळ्यासारखा. त्या शांत बाजूला रस्त्याच्या कडेने पिवळे रंगवलेले दगड आहेत, दगडावर जागेचं नाव. दगड दिसला की गाडी थांबवायची, सिलिंडर पाठीला लावायचं आणि चालत पाण्यात. बोट नाही, वेळापत्रक नाही, आपल्यासाठी कोणी खोळंबलेलं नाही. नवशिक्याच्या डोक्यावरचं अर्धं ओझं इथेच उतरतं. उरलेलं अर्धं मात्र बडीच्या, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराच्या, डोक्यावर येतं, कारण वाट दाखवणारंही कोणी नसतं. हे मला तिसऱ्या दिवशी नीट कळलं.

आधी घरून करायच्या गोष्टी. डाइव्ह शॉपमध्ये आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. नवऱ्याला बीपीची गोळी आहे. अशा काही प्रश्नांना 'हो' लिहिलं की डॉक्टरांची सही लागते, आणि ती बेटावर शोधत बसण्यापेक्षा आपल्या डॉक्टरांकडून घेऊन जावी. खोटं 'नाही' लिहिणारे भेटतात. त्यांच्याबरोबर मी पाण्यात उतरत नाही. दुसरं, सप्टेंबर ते जानेवारी हा चार महिन्यांचा खंड फार मोठा आहे. निघण्याआधी एका संध्याकाळी पूलमध्ये मास्क काढणं-घालणं आणि तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (ज्यातून श्वास घ्यायचा ते यंत्र) शोधणं पुन्हा करून घेतलं. तिसरं, डाइव्हिंगचा वेगळा विमा. नेहमीच्या प्रवास विम्यात तो असतोच असं नाही. आम्ही 'डॅन'चा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) घेतला. बेटावर प्रवेशासाठी आम्ही गेलो तेव्हा माणशी ७५ डॉलर कर होता आणि सागरी उद्यानाची फी ४० डॉलर. दोन्ही ऑनलाइन भरून पावत्या फोनमध्ये ठेवल्या की झालं. व्हिसाचे नियम तुमचा पासपोर्ट आणि अमेरिकेतला दर्जा यांवर आहेत, ते डच सरकारच्या साइटवरच पाहा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको.

पहिली डाइव्ह इथे चाचणीची असते, सगळ्यांनाच. मुक्कामाच्या जागेसमोरच प्रवाळांचं रीफ होतं आणि लाकडी धक्क्याला शिडी. पाण्याखाली राहण्यासाठी अंगाला वजन लावावं लागतं, नवऱ्याने खाणीतल्या सवयीने ते अकरा किलो मागितलं. जाड सूट माणसाला वर ढकलतो म्हणून तिथे तेवढं लागत होतं. इथे अंगात तीन मिलिमीटरचा सूट. उलट खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जास्त उचलतं, म्हणून हिशेब सरळ वजाबाकीचाही नाही. शिवाय अॅल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं होत आलं की हलकं होऊन वर ओढू लागतं, तेव्हा वजन शेवटच्या पाच मिनिटांसाठी पुरायला हवं. साडेसहा किलोवर सुरुवात केली, तिसऱ्या दिवशी पाचवर आलो. वजन उतरत गेलं तसे त्याचे हातही शांत झाले. पहिल्या दिवशी तो बैल धुतल्यासारखे हात हलवत होता.

हवेचंही तसंच. पहिल्या डाइव्हला २०० बार दाबाने भरलेलं सिलिंडर अठ्ठावीस मिनिटांत ५०वर. मी काही बोलले नाही, फक्त खोली कमी केली. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, वीस मीटरवर तिप्पट. म्हणजे तीच हवा दहा मीटरवर दीडपट पुरते. बोनेअरचं रीफ साधारण दहा मीटरवरून खाली उतरतं आणि त्याच्या वरच्या उथळ पट्ट्यातच पोपटमासे, ईल, स्क्विड सगळी गर्दी असते. खोल जाऊन काही जास्त मिळतं असं नाही. परत येताना त्याच उथळ पट्ट्यावरून रेंगाळत यायचं, वर येण्याआधी पाच मीटरवर घ्यायचा तीन मिनिटांचा सुरक्षिततेचा थांबा आपोआप होतो. चौथ्या दिवशी आम्ही पन्नास मिनिटं पाण्यात होतो.

पण मध्ये तिसरा दिवस आहे. माझी एक यादी होती, आणि यादीत 'थाउजंड स्टेप्स' वर होतं. पायऱ्या प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास आहेत. पाठीवर सिलिंडर घेऊन चढताना हजार वाटतात म्हणून ते नाव. उतरलो. खाली प्रवाळाचे तुटके दगड, आणि त्या दिवशी लाटा गुडघ्यापर्यंत. मी पाण्यात शिरले, फिन (पायात घालायची वल्ही) घातले, मागे वळले तर नवरा चारही पायांवर आणि त्याचं एक फिन तरंगत निघालेलं. फिन आणून दिलं. तो उठून बसला आणि म्हणाला, "आज नको." मी म्हटलं, "अरे, इतकं खाली आलोय!" हे वाक्य मी बोलायला नको होतं. डाइव्ह रद्द करायचा हक्क दोघांनाही असतो, कारण न सांगता, आणि दुसऱ्याने तोंड वाकडं करायचं नसतं. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे.

पायऱ्या चढून वर आलो. तिथून उत्तरेला रस्ता एकदिशा आहे, त्यामुळे चुकून पुढे गेलो तर रिंकोन गावामार्गे वळसा घालून यावं लागतं. आम्ही गेलो. रिंकोनला त्याने बकरीचा रस्सा खाल्ला, मी फ्रेंच फ्राइज. (शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर असलेलीच खोली घ्या. सुपरमार्केटमध्ये भाजी मिळते, पण महाग. मी पोहे आणि मेतकूट नेलं होतं.) जेवता जेवता यादी टाकून दिली आणि त्याला विचारलं, तुला काय बघायचंय? "कासव. एवढंच."

मग पुढचे दिवस त्याच हिशेबाने. एक सकाळ पैसे देऊन गाइड घेतला. तिने पाण्यात शिरण्याची पद्धत दाखवली: फिन हातात, छातीभर पाण्यात गेल्यावर बीसीडी (हवा भरायचं जाकीट) फुगवून पाठीवर तरंगत फिन घालायचे. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दुपारी सॉल्ट पिअर. मिठागराच्या धक्क्याचे खांब, त्यांवर केशरी स्पंज, मधून उन्हाचे पट्टे, आणि खोली नवशिक्याच्या आवाक्यात. जहाज लागलेलं असेल तर उतरायला बंदी असते, आधी दुकानात विचारा. कासव दुसऱ्या दिवशी समोरच्याच रीफवर दिसलं, सहा मीटरवर, निवांत चरत. नवऱ्याने रेग्युलेटरमधून काहीतरी ओरडून सांगितलं. ते काय होतं हे त्यालाही आठवत नाही.

माझं 'हिल्मा हूकर' राहिलं असतं तर मी कुरकुरले असते, हे कबूल. १९८४ साली गांजा सापडलेलं हे जहाज तीसेक मीटरवर कुशीवर पडलेलं आहे; ओपन वॉटरवाल्याची मर्यादा अठरा मीटर. शेजारच्या खोलीतल्या एका बाईंबरोबर मी सकाळी जाऊन आले, तोवर नवरा झोपला होता. नवशिक्याला ओढत नेण्यापेक्षा आपल्यासाठी दुसरा बडी शोधणं सोपं पडतं.

गाडी म्हणून पिकअप ट्रक मिळतो. त्यात काहीही ठेवू नका, चप्पलही जुनीच. किनाऱ्यावर उभ्या गाड्यांतून चोऱ्या होतात, म्हणून लोक खिडक्या उघड्या ठेवून जातात, निदान काच तरी फुटत नाही. हातमोजे घालायला उद्यानात बंदी आहे, ते घरीच ठेवा. प्रवाळांना रोग लागलाय, त्यामुळे सामान दुकानातल्या जंतुनाशकाच्या हौदात बुडवून घ्या. कंटाळा करू नका.

शेवटचा दिवस कोरडा. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास मध्ये जाऊ द्यावे लागतात. आमचं विमान शनिवारचं, म्हणून शुक्रवारी सकाळीच दक्षिणेला गेलो. मिठागरांचं गुलाबी पाणी, लांबवर फ्लेमिंगो, आणि रस्त्याकडेला गुलामांच्या झोपड्या. १८५० साली बांधलेल्या, दाराशी वाकावं लागतं, आत सरळ उभं राहता येत नाही. समोरचा समुद्र तोच, ज्यात आम्ही आठवडाभर मजा केली. तिथे आम्ही दोघंही फार बोललो नाही.

परतीच्या विमानात नवरा लॉगबुक भरत होता. बारा डाइव्ह, तीन कासवं. प्रत्येक पानावर सूट, पाणी खारं की गोडं आणि वजन किती हे लिहायला मी सांगितलं होतं. शेवटच्या पानावर 'पाच किलो' दोनदा अधोरेखित केलेलं आहे, आणि खाली बारीक अक्षरात, 'पुढच्या वेळी पायऱ्या, पण लाटा नसतील तर'.